इंटरनेटचे भाडे : माणशी की उंबऱ्यामागे?

२०२५ च्या रमजान ईदला थोरल्या बहिणीकडे दापोली तालुक्यात गेलो होतो. शीरखुर्मा झाला, मुलांना ईदी वाटून झाली आणि दुपारी आपाने घरखर्चाची वही माझ्यापुढे ठेवली. "तू व्यापार-धंद्यावर लिहितोस ना, मग हा हिशेब बघ. विजेच्या बिलापेक्षा रिचार्जचा आकडा मोठा येतो. गळती कुठे आहे ते सांग."

वही बारकाईने पाहिली. गळती कुठेच नव्हती. भावजी कुवेतला असतात. घरी आपा, तिच्या सासूबाई, दोन मुलगे आणि एक मुलगी. चौघांकडे स्मार्टफोन, प्रत्येकाला रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा २९९ रुपयांचा रिचार्ज. चार फोनचे ११९६ रुपये. वर्षाचे महिने बारा असले तरी २८ दिवसांचे हप्ते तेरा होतात, म्हणून वर्षाचे १५,५४८. सासूबाईंच्या साध्या बटणांच्या फोनला वर्षभराचा फक्त बोलण्याचा पॅक १८४९ रुपयांचा. एकूण १७,३९७ रुपये. चिरेबंदी घराच्या डागडुजीला आपा दरवर्षी बाजूला काढते, त्याहून ही रक्कम जास्त होती.

शेजारच्या घरात तालुक्याच्या केबलवाल्याने फायबरची वायर दिली आहे. जाहिरातीत दर ५००, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे हातात बिल ५९० चे. त्यात महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण वेगाने नेट. आपाच्या चार फोनना मिळून २८ दिवसांत १६८ जीबी मिळतात. मोबाइलवर एका जीबीला सात रुपये बारा पैसे, वायरवर सरासरी अठरा पैसे. चाळीस पट फरक! आपाचा थोरला मुलगा कॉमर्सचा विद्यार्थी आहे. त्यानेच हा गुणाकार करून दाखवला आणि "मामू, ही लूट नाही तर काय?" असे विचारले.

लूट हा शब्द तोंडात पटकन येतो, पण व्यापारात पडलेल्या माणसाने तो जरा जपून वापरावा. पहिली गोष्ट, ३३०० जीबी कोणतेही घर वापरत नाही. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे आकडे पाहिले तर मोबाइलवर माणशी महिन्याला सुमारे २० जीबी वापरले जातात. पाच माणसांच्या घरात वायर आली, हात सैल सुटला आणि ३०० जीबी खर्च झाले असे धरले, तर वायरवरचा जीबी दोन रुपयांच्या आसपास पडतो. म्हणजे खरा फरक चाळीस पट नसून साडेतीन पट आहे. साडेतीन पटही कमी नाही. पण त्याची कारणे निराळी आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणाला दोष द्यायचा हे ठरणार नाही.

आपल्याकडे दापोली-खेड रस्त्यावर वडापची जीप चालते. तिच्यात बसलात तर माणशी पैसे द्यायचे. तीच जीप लग्नाला ठरवलीत तर ती 'स्पेशल' होते. मग आत पाच माणसे बसोत की बारा, भाडे गाडीचे. मोबाइलचे नेट हे वडाप आहे आणि घरची वायर ही स्पेशल गाडी. पहिल्यात डोकी मोजली जातात, दुसऱ्यात फक्त उंबरा.

असे का, याचे एक उत्तर तंत्राचे आहे. मोबाइलचे नेट हवेतून येते. टॉवरला सरकारकडून विकत घेतलेल्या ठरावीक लहरी मिळालेल्या असतात आणि त्या टॉवरखाली जेवढे फोन आहेत त्यांनी त्या आपसात वाटून घ्यायच्या. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईकर गावी उतरले की संध्याकाळी नेट का रडते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कंपनीला कोणता गिऱ्हाईक कोणत्या दिवशी कोणत्या टॉवरखाली जाईल हे ठाऊक नसते, म्हणून ती प्रत्येकाला रोजचा शिधा बांधून देते. रात्री बारा वाजले की उरलेला शिधा बुडाला. वायरचे तसे नाही. फायबर एकदा खांबावरून घरापर्यंत आली की तिच्यातून १०० जीबी गेले काय आणि ५०० गेले काय, कंपनीच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. तिचा खर्च असतो तो वायर टाकण्याचा. जांभ्या दगडात चर खणणे, खांब रोवणे, ग्रामपंचायतीची परवानगी, पावसात फांदी पडली की जोडाजोड. म्हणून वायरवाला जीबी मोजत बसत नाही. तो मोजतो ते वाडीत घरे किती आणि खांबापासून अंतर किती.

हे सगळे खरे आहे. पण एवढ्यावर थांबले तर कंपन्यांचीच वकिली केल्यासारखे होईल. कारण २०२३ साली एक असा माल बाजारात आला की ज्याने हवेचा आणि वायरचा हा युक्तिवाद अर्धा मोडून टाकला.

सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर आणले. एअरटेलने त्याआधी महिनाभर तसाच माल आणला होता. त्यात वायर नाही. छपरावर एक डबा बसतो आणि तो मोबाइलच्याच टॉवरवरून, त्याच ५जी लहरींवरून नेट घेतो. जिओचा सर्वांत खालचा प्लॅन ५९९ अधिक कर, म्हणजे सुमारे ७०७ रुपये, आणि त्यात महिन्याला १००० जीबी. एका जीबीला ७१ पैसे. आता बघा, टॉवर तोच, लहरी त्याच, कंपनी तीच. फोन खिशात असला तर सात रुपये आणि डबा छपरावर असला तर ७१ पैसे. मग हवेतून येणारे नेट महागच असते असे कसे म्हणायचे?

कंपनीकडे याचेही उत्तर आहे आणि ते अगदीच पोकळ नाही. छपरावरचा डबा चालत नाही. तो कोणत्या टॉवरखाली आहे हे कंपनीला ठाऊक असते, आणि ज्या टॉवरवर जागा शिल्लक नाही तेथे ती नवा डबा बसवत नाही. एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्यांचा जमाना ज्यांना आठवतो त्यांना हे लगेच कळेल. रात्री उशिरा पाव दरात फोन लागे म्हणून आखाती देशांत आणि मुंबईत माणसे असलेली कुटुंबे जेवणे उरकून बूथवर रांग लावीत. वायर दिवसा तीच आणि रात्रीही तीच. दर बदले तो गर्दी बदले म्हणून. शिल्लक जागा स्वस्तात विकणे हा जुनाच व्यापारी नियम आहे, तो चुकीचा नाही.

पण यातून एक गोष्ट उघड होते. मोबाइलवर आपण जे पैसे देतो ते नेटचे देत नाही. मग ते कशाचे देतो?

याचे उत्तर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी स्वतःच देऊन टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की ज्याला नेट नको त्याच्यासाठी केवळ बोलण्याचा आणि एसएमएसचा एक तरी पॅक ठेवलाच पाहिजे. हेतू चांगला होता. सासूबाईंसारखी बटणांचा फोन वापरणारी लाखो माणसे न वापरलेल्या नेटचे पैसे भरत होती. कंपन्यांनी नियम पाळला. जिओचा ३३६ दिवसांचा १८९९ रुपयांचा एक पॅक होता, त्यात २४ जीबी नेट मिळे. तो काढून त्याच मुदतीचा फक्त बोलण्याचा पॅक शेवटी १७४८ रुपयांना ठेवला. २४ जीबी काढून घेतले आणि दर उतरला १५१ रुपयांनी. उरलेले १७४८ रुपये बोलण्याचे म्हणावेत, तर ४जी फोनवर बोलणे हेही आता नेटवरूनच जाते आणि मिनिटाला एक एमबीसुद्धा लागत नाही. एअरटेलचा वर्षाचा तसा पॅक १८४९ ला आला.

म्हणजे नेट ही कोशिंबीर झाली. पैसे आहेत ते ताटाचे. सरळ भाषेत सांगायचे तर नंबर जिवंत ठेवण्याचे ते भाडे आहे, माणशी महिना दीडशे रुपयांचे. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नंबर चालू ठेवायला किमान रिचार्जची सक्ती आणली तेव्हा तो २८ दिवसांना ३५ रुपयांचा होता. त्यात बोलणे मोजून मिळे, हे खरे. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत खालचा पॅक १९९ रुपयांचा झाला. त्यात बोलणे अमर्याद आहे, पण ज्याला फक्त बँकेचा ओटीपी यायला हवा आणि आठवड्यातून दोन फोन करायचे आहेत, त्याला या अमर्यादचे काय करायचे? जुन्या वाचकांना आठवत असेल, १९९५ साली मोबाइल आला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. आता ते दुसऱ्या दाराने परत आले आहेत, एवढेच.

आणि हा नंबर सोडता येत नाही. बँकेचे खाते त्याला बांधलेले, गॅसची नोंदणी त्याच्यावर, आधारला तोच. घरात पाच माणसे म्हणजे पाच नंबर, पाच नंबर म्हणजे पाच भाडी. गिऱ्हाईक जेथे माल नाकारू शकत नाही तेथे दर चढतो. जेथे शेजारी दुसरा दुकानदार उभा आहे तेथे तो चढत नाही. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला, म्हणजे एका फटक्यात पंचवीस टक्के. त्याच कंपनीचा घरच्या फायबरचा ३९९ चा प्लॅन २०२० साली जाहीर झाला होता, त्याला या दरवाढीत हात लागला नाही. मोबाइलच्या बाजारात २०१६ साली दहा-बारा कंपन्या होत्या. आज खासगी तीन आणि सरकारी एक. वायरच्या धंद्यात मात्र गावोगावचे केबलवाले आणि शेकडो लहान परवानाधारक अजून टिकून आहेत. शहरातल्या मोहल्ल्यात एका जिन्यावर तीन-तीन वायरवाल्यांची पत्रके चिकटवलेली दिसतात. दरातल्या तफावतीचे हे दुसरे कारण, आणि माझ्या मते पहिल्याहून मोठे.

आता परत आपाच्या वहीकडे. भाच्याचे म्हणणे असे की वायर घ्यावी आणि चारही फोन फक्त बोलण्याच्या पॅकवर टाकावेत. करून पाहू. चार गुणिले १८४९ म्हणजे ७३९६. वायरचे वर्षाचे ७०८०. दोन्ही मिळून १४,४७६. चार फोनवर आज जातात १५,५४८. बचत वर्षाला १०७२ रुपये, आणि घरात नेट मोजून वापरण्याची कटकट नाही.

पण दोघे मुलगे कॉलेजसाठी रोज बाहेर असतात. रस्त्यावर, कॉलेजात, एसटीत त्यांना नेट लागते. यूपीआयने पैसे देण्यापुरते तरी लागतेच. म्हणून त्यांचे २९९ चे रिचार्ज ठेवले आणि फक्त आपा व तिची मुलगी यांचे फोन बोलण्याच्या पॅकवर नेले, तर दोघांचे ७७७४, दोघींचे ३६९८ आणि वायरचे ७०८०. बेरीज १८,५५२. म्हणजे आजच्यापेक्षा तीन हजार चार रुपये जास्त! स्वस्त वस्तू घरात आणली आणि खर्च वाढला. भाचा गप्प झाला.

हेच या दोन दरांचे खरे दुखणे आहे आणि त्याची चर्चा कोठेच होत नाही. वर्तमानपत्रांत जीबीला किती पैसे याची तुलना होते आणि 'जगात सर्वांत स्वस्त नेट भारतात' अशी मथळेबाजी होते. २०१६ पूर्वी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत होते, ते सात रुपयांवर आले, हे कोणी नाकारत नाही. त्याचा लाभ आपल्या सर्वांनाच झाला. पण गरीब घराचा खर्च जीबीवर ठरत नाही. तो डोक्यांवर ठरतो. माणशी भाडे आधी भरावेच लागते, मग वायरसाठी हातात काही उरत नाही, आणि वायर नाही म्हणून मोबाइलचा महाग शिधाच वापरायचा. डिसेंबर २०२४ अखेर देशात मोबाइलवर ब्रॉडबँड घेणारे ९० कोटींच्या घरात होते आणि वायरवर घेणारे ४ कोटींच्या आसपास. वायर जीबीमागे इतकी स्वस्त असताना लोक ती का घेत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी एखाद्या आपाची वही पाहावी.

वायर न घेण्याला आणखीही कारणे आहेत. रिचार्ज ही गल्लीच्या तोंडावर मिळणारी वस्तू. आज २९९ नसले तर चार दिवसांनी मारू म्हणता येते. वायरवाला तसे चालू देत नाही. आपाच्या घरी एका कंपनीचा माणूस आधी येऊन गेला होता. सहा महिन्यांचे पैसे एकदम, राउटरची अनामत निराळी, बसवण्याचे निराळे असे त्याने सांगितले. नंतर घर रस्त्यापासून उतारावर आहे आणि दोन खांब जास्त लागतील हे त्याच्या लक्षात आले. "वरिष्ठांशी बोलून फोन करतो" म्हणून गेला तो गेलाच. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण निराळी. पत्त्याचा पुरावा नाही, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही आणि अकरा महिन्यांनी खोली बदलायची असते. ज्याच्याजवळ रोख आणि स्वतःचे छप्पर आहे त्याला घाऊक भाव, आणि ज्याच्याजवळ ते नाही त्याला किरकोळ भाव. किराणा दुकानात पाच किलोचे पोते आणि पाच रुपयांची पुडी यांचा जो हिशेब असतो तोच हा.

मोबाइलच्या दरात सरकारचा हातही दिसतो, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी लहरींसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. त्यांत जिओचे ८८ हजार कोटी आणि एअरटेलचे ४३ हजार कोटी. ही रक्कम हप्त्याहप्त्याने का होईना, गिऱ्हाइकाकडूनच यायची. वर परवान्याचे शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. २९९ च्या रिचार्जमध्ये साडेपंचेचाळीस रुपये कराचे असतात. ते दिसत नाहीत, कारण रिचार्जचा आकडा कर धरून सांगतात आणि वायरचा कर सोडून. वायरची जाहिरात ५०० ची असते आणि बिल ५९० चे येते, म्हणून आपल्या लोकांना वाटते वायरवाला फसवतो. दोघांनाही एकाच पद्धतीने दर लिहायला लावण्यात काय अडचण आहे, हे मला अद्याप समजलेले नाही. २८ दिवसांच्या महिन्याबाबत ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला आणि ३० दिवसांचा व दर महिन्याच्या त्याच तारखेचा निदान एकेक पॅक ठेवायला लावला. पॅक आले, पण दुकानदार दाखवतो तो २८ चाच.

दुकानदार आणि लहान कारखानदार वाचकांनी एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुमची जीएसटीची नियमित नोंदणी असेल आणि वायर फर्मच्या नावाने, जीएसटी क्रमांक घालून घेतलेली असेल, तर त्या बिलावरचा १८ टक्के कर खात्यात जमा मिळतो. ५९० चे बिल तुम्हाला ५०० ला पडते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही सवलत नाही. मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जचे तसे पक्के बिल बहुतेकांच्या हाती येतच नाही, त्यामुळे तो कर गेला तो गेलाच. दुसरे असे की घरगुती प्लॅन दुकानात चालवणे अनेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. घरगुती सिलिंडर हॉटेलात वापरण्यासारखेच ते. व्यापारी प्लॅनचा दर जास्त असतो. अट वाचून मगच सही करा, कारण वायर कापली गेली की गल्ल्यावरची यूपीआयची पेटीही मुकी होते; तिचे सिम वेगळे नसेल तर.

माणशी भाड्याची ही गाठ सोडवायचा एक रस्ता सरकारनेच आखून ठेवला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला, कोणीही दुकानात वायर घ्यायची, वायफायचा डबा लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाच-दहा रुपयांत नेट विकायचे. परवाना नको, शुल्क नको. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत असे सार्वजनिक वायफाय एक कोटी ठिकाणी असावे असे लिहिले होते. आकडा काही लाखांच्या पुढे गेला नाही.

का गेला नाही, तर पुन्हा दोन दर! घरी जी वायर पाच-सहाशे रुपयांना मिळते तीच चहावाल्याने वाणीसाठी मागितली की कंपन्या म्हणत, हा व्यापारी वापर आहे, तुम्ही लीज लाइन घ्या. लीज लाइनचा दर कित्येक पट. पाच रुपयांचे कूपन विकणारा माणूस ते कोठून भरणार? अखेर १६ जून २०२५ रोजी ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती वायर वाणीच्या दुकानदाराला द्यावीच लागेल आणि तिचा दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. दुप्पट तरी का, हा प्रश्न आहेच. पण कित्येक पटीवरून दुपटीवर येणे ही लहान गोष्ट नाही. साडेचार वर्षांनी का होईना, धंद्याला बसण्याइतकी जागा झाली. मोहल्ल्याच्या तोंडावर ज्याचे दुकान आहे आणि ज्याच्याकडे संध्याकाळी मुले घोळक्याने बसतात, त्याने ११८० रुपयांचा खर्च धरून कागदावर आकडेमोड करून पाहावी. दिवसाला पाच रुपयांची आठ कूपने खपली तर वायरचे पैसे निघतात. वाणी चालवणाऱ्या एजन्सीचा हिस्सा त्यातून वजा होईल, तो आधी विचारून घ्यावा.

केवळ बोलण्याच्या पॅकबाबत मात्र ट्रायला पुन्हा बसावे लागेल. पॅक काढा एवढे सांगून भागत नाही. २४ जीबी काढून १५१ रुपयेच कमी होणार असतील तर तो नियम कागदावर राहतो. ज्या घरी वायर आहे त्या घरातल्या नंबरांना स्वस्त भाड्यात जिवंत ठेवता आले, तर वायर आपोआप पसरेल आणि टॉवरवरची गर्दीही घटेल, ज्या गर्दीचे नाव सांगून मोबाइलचे दर चढवले जातात. कंपन्या आपण होऊन हे करणार नाहीत. एका घरातून पाच भाडी मिळत असताना दीड भाडे कोण मागेल?

आपाने शेवटी काय केले ते सांगतो. रात्री भावजींचा कुवेतहून व्हिडिओ कॉल आला, तो अर्ध्यावर तुटला, कारण मुलीच्या फोनचा त्या दिवसाचा दीड जीबी सायंकाळीच संपला होता. दुसऱ्याच्या फोनवरून लावला, तेव्हा सासूबाईंना मुलाचा चेहरा दिसला. सकाळी आपा म्हणाली, "वर्षाला तीन हजार जास्त ना? म्हणजे महिन्याचे अडीचशे. बघते." मे महिन्यात तिने शेजारच्याच केबलवाल्याकडून वायर घेतली. आपल्या घरच्या खांबावरून पुढे न्यायला शेजाऱ्याने मोकळ्या मनाने परवानगी दिली, म्हणून जास्तीचे खांब लागले नाहीत. स्वतःचा आणि मुलीचा फोन तिने बोलण्याच्या पॅकवर टाकला. मुलगी आता घरी बसून टॅलीचा कोर्स करते आणि दोन दुकानांचे खाते लिहून महिन्याला दीड हजार मिळवते. ते गणित माझ्या कागदावर नव्हते.

जुलैत वाऱ्याने आंब्याची फांदी पडून वायर तुटली आणि आठ दिवस नेट बंद होते. त्या आठ दिवसांचे भाडे बिलातून वजा करावे असा अर्ज आपाने दिला आहे. हिशेब वहीतच आहे : ५९० भागिले ३१ गुणिले ८, म्हणजे १५२ रुपये. केबलवाल्याचे उत्तर अजून आलेले नाही.